माहेरवाशिणीचे डोळे

"डोळे गेले ते गेलेच, वर आपण सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावून बसायचं!" रोपांच्या ट्रेमध्ये माती दाबता दाबता मावशी कुरकुरली. "माझ्या पोटात काही राहत नाही, माहितीय ना तुला? जेवणसुद्धा पचत नाही मला असल्या गोष्टींमुळे."

"हळू गं मावशी," शिडीवाला म्हणाला. "सूनबाई इथेच कुठेतरी असेल."

सूनबाई तिथेच होती. काचघराच्या मागच्या भिंतीला रिकाम्या कुंड्यांची उतरंड लावलेली होती, तिच्याआड उकिडवी बसून ती फुटक्या कुंड्या वेगळ्या काढत होती. हातातली कुंडी तिने आवाज न करता खाली ठेवली आणि श्वास धरून बसली. पायाला मुंग्या आल्या तरी हलली नाही.

"असू दे असली तर," मावशी म्हणाली, पण आवाज मात्र खाली आला. "बिचाऱ्या आबांचं वाईट वाटतं मला. एवढं कळतंय सगळं आणि रोज सकाळी त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहतात."

"काही बोलू नकोस म्हटलंय ना."

"नाही बोलत रे बाबा. हे बघ, गप्प बसले."

गप्प बसणं मावशीला कधी जमलं नव्हतं. लगेच ती थंडीच्या नावाने बोटं मोडायला लागली. सूनबाई मात्र उतरंडीआडून दुसऱ्या दाराने बाहेर पडली, तेव्हा तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हायसं वाटलं. म्हणजे सगळ्यांना वाटतंय की आबांचे डोळे गेलेत. म्हणजे जे झालं ते आबांच्याच हातून झालं असं सगळे धरून चाललेत. चार पावलं ती अशी हलकी चालली, आणि मग आपल्याला हायसं वाटलं याचीच तिला इतकी लाज वाटली की थंडीत कान गरम झाले.

ती बाग एका मोठ्या इस्पितळाची होती. सूनबाई तिथे लागली ती आबांची सून म्हणून. आबा तिथले सगळ्यांत जुने माळी. खुरपं धरायला, पाण्याचा हात ओळखायला, कुठली माती ओली आहे आणि कुठली नुसती गार आहे हे ओळखायला, सगळं त्यांनीच शिकवलं. ती डावरी. आबांनी कधी "उजवा हात वापर" म्हटलं नाही. उलट तिच्या कात्रीची मूठ घासूनपुसून तिच्या हाताला येईल अशी करून दिली. पुढे ती मुकादम झाली, आबा तिच्या हाताखाली आले, आणि तरी बागेत सगळे तिला सूनबाईच म्हणत. "मुकादमबाई" म्हणायचं ते फक्त मावशीने, आणि तेही टोमणा मारायचा असेल तेव्हा.

हाताखाली आलेल्या सासऱ्याला काम सांगणं किती अवघड, ते तिचं तिला ठाऊक. "आबा, जरा त्या वाफ्याकडे बघता का" असं ती म्हणे, आणि आबा "हो मुकादम" म्हणून उठत. ते थट्टेने म्हणत. तिला मात्र दर वेळी पदर सावरावासा वाटे.

एक गोष्ट मात्र आबांनी कुणाच्या हाताखाली दिली नव्हती, आणि ती म्हणजे वेल. इस्पितळाच्या दर्शनी भिंतीवर एक जुनी वेल होती, खोड मनगटाएवढं जाड आणि पिळदार. तिचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते पाटीवर लिहिलेलं होतं. पाटी कुणी वाचत नसे. बागेत तिला माहेरवाशीण म्हणत. वर्षातून एकदा येते, चार दिवस घर भरून टाकते, आणि जाताना सगळ्यांना रडवून जाते म्हणून. पानं फुटायच्याही आधी जांभळे घोस लोंबायचे, वरच्या खिडक्यांपासून थेट दारापर्यंत. बिछान्यावरून उठता न येणारे लोकसुद्धा मान वळवून बघायचे. नर्सबाया खिडक्या उघडून ठेवायच्या. ती फुलली की बागेत वसंत आला. त्याआधी कितीही ऊन पडो, पाखरं कितीही ओरडोत, आबा मान्य करायचे नाहीत. "अजून ती आली नाही," म्हणायचे.

हिवाळा संपता संपता माळी माणसाच्या फार जवळ जाऊ नये. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेल्या घरच्यांसारखं त्यांचं होतं. काम काही नसतं आणि उठून जाताही येत नाही. पानगळ होते तेव्हा बरं असतं, पानं ओढायची असतात, ढीग लावायचे असतात, वैताग करायला सबब असते. मग चिखलाचे दिवस. मग कात्र्यांना धार लावायची, धार लावलेल्यांना पुन्हा लावायची. नळाचं पाणी सकाळी गोठलेलं, बोटं लाकडासारखी, आणि जो तो मातीची चिमूट घेऊन नाकाशी नेतो, जणू तिथे काही लिहून ठेवलंय. मावशीचा वसंत ट्रेमध्ये येतो. मातीला केसाएवढी चीर पडली की तिचा आवाज बदलतो. शिडीवाल्याचं म्हणणं असं की लोखंडी शिडी हाताला चिकटायची थांबली की झाला वसंत, बाकी सगळी कविता. सूनबाईलाही एरवी हे दिवस आवडत. वाट बघण्यात एक ऊब असते. पोटात काहीतरी असल्यासारखी.

यंदा पोटात होतं ते वेगळंच.

झालं होतं असं. पानगळीनंतर वेलीची एक फांदी छपराच्या पन्हळीत शिरली आणि पाणी तुंबलं. बागेचं बघणारे साहेब म्हणाले, ती फांदी काढा. आबा तेव्हा खोकल्याने घरी पडून होते. सकाळी ती कामावर निघताना त्यांनी पांघरुणातून सांगितलं होतं, "सूनबाई, तिला हात लावू नकोस. मी उठतो दोन दिवसांत." तिला ते लागलं. मुकादम मी, आणि एका वेलीला हात लावायची परवानगी नाही? ती शिडीवर चढली ती रागातच. पन्हळ मोकळी केली, तिथेच थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण वरून बघितलं तर वेल कशी पसरलेली, विस्कटलेली, न विंचरलेल्या डोक्यासारखी. गुलाब हिवाळ्यात आखूड कापतात आणि मग ते जोमाने फुलतात, हे तिच्या हातात बसलेलं होतं. तिने वेलही तशीच कापली. वरपासून खालपर्यंत. संध्याकाळी भिंत अशी नीटनेटकी दिसायला लागली की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

खाली उतरून काड्या गोळा करताना तिने एक उचलून बघितली. काडीवर डोळे होते, कोंब फुटायच्या जागा. पानाचा डोळा बारीक, टोकदार असतो, फुलाचा डोळा गोल, फुगीर. हे तिला आबांनीच शिकवलेलं. काडीवरचे डोळे सगळे फुगीर होते. दुसरी काडी उचलली, तिसरी उचलली. या वेलीची पुढच्या वसंताची फुलं आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन झोपलेली असतात. ती तिने सगळी कापून खाली टाकली होती. काड्या तिने खताच्या खड्ड्यात नेऊन टाकल्या आणि वर पानांचा ढीग ओढला. खून करून प्रेत पुरावं तसा.

दुसऱ्या दिवशी आबा मफलर गुंडाळून कामावर आले. शिडी तिथेच होती. ते वर चढले, पन्हळीत अडकलेला एक तुकडा राहिला होता तो काढला, आणि मग बराच वेळ वरच उभे राहिले, भिंतीवर हात ठेवून. सूनबाई खाली शिडी धरून उभी. आता बोलतील, आता बोलतील. आबा खाली उतरले आणि म्हणाले, "थंडी पडली." बस्स. त्यांना जवळचं धूसर दिसतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं की त्यांना दिसलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी आबा वेलीपाशी थांबत आणि विचारत, "बघ गं सूनबाई, डोळे फुगलेत का? मला काही नीट दिसत नाही."

"अजून नाही आबा," ती म्हणे.

"बरं. थंडी लांबलीय."

"हो, लांबलीय."

रोज. रविवार सोडून. काही काही सकाळी ती मुद्दाम उशिरा निघाली, तर आबा फाटकाशी तिच्यासाठी थांबलेले.

एवढ्यावर राहिलं असतं तर ती एक चूक होती. माळ्याच्या हातून चुका होतात, झाडं माफ करतात, पुढच्या वर्षी पुन्हा येतात. पण साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं. त्यांच्या खिडकीतून भिंत समोर दिसायची; तिने कापलं त्या दिवशी मात्र ते ऑफिसात नव्हते.

"बाई, ती वेल मेल्यासारखी दिसते. आबांनीच कापली ना? मी बघितलं होतं त्यांना शिडीवर."

आणि सूनबाई म्हणाली, "हं."

"हो" नाही म्हणाली ती. नंतर तिने स्वतःला शंभरदा सांगितलं, मी हो म्हटलंच नाही. हं म्हणजे ऐकतेय. हं म्हणजे बोला पुढे. कुणी गोष्ट सांगत असतो तेव्हा आपण हं म्हणतोच की. पण आपण कुठला हं म्हटला हे माणसाला आतून बरोबर कळतं.

"वय झालं," साहेब म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते. तोंडावर कडू बोलायचं त्यांच्या जिवावर येई एवढंच. "वसंतापर्यंत बघू. फुलली तर प्रश्नच नाही. नाही फुलली तर आबांना आता घरी बसवायला हवं. तुम्हीच सांगा त्यांना. घरच्या माणसाने सांगितलेलं बरं."

म्हणजे तिने कापलेल्या वेलीसाठी तिनेच आबांच्या हातातून कात्री काढून घ्यायची.

घरी नवऱ्याला तिने अर्धंच सांगितलं, साहेबांचं. स्वतःचं नाही. तो टॅक्सी चालवून दमून आलेला, पाय गरम पाण्यात सोडून बसला होता. "खरंय की," तो म्हणाला. "बसू देत आता घरी. किती वर्षं ओणवं काम करायचं माणसाने? तू सांग, तुझं ऐकतात. माझं तर शाळेत असल्यापासून ऐकलेलं नाही." शेजारच्या खोलीतून आबांच्या खोकल्याचा आवाज आला. नवरा पाण्यात पाय हलवत राहिला.

तिने आबांना काही सांगितलं नाही. आज नको, उद्या. ऊन पडू दे. आधी कोवळी पानं येऊ देत, मग बघू. एखादा डोळा राहिला असेल, पन्हळीच्या आड, भिंतीच्या कोपऱ्यात. जेवणाच्या सुट्टीत ती वेलीखाली जाऊन वर बघत राही, मान दुखेपर्यंत. वसंताची एवढी वाट तिने आयुष्यात बघितली नव्हती आणि तो येऊच नये असंही तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तो आला. त्याला कोण विचारतो? एका सकाळी शिडीवाला शिडीला हात लावून "चिकटली नाही" म्हणाला. काचघरात ट्रे हिरवे झाले. वाफ्यांतून कांद्याची पात यावी तशी टोकं वर आली. आणि भिंतीवर, नीटनेटक्या कापलेल्या त्या वेलीला, तांबूस पानं फुटली. नुसती पानं.

त्या दिवशी दुपारी सूनबाई काचघरात गेली. मावशी एकटीच होती, रोपं विरळ करत होती, आणि काढलेल्या प्रत्येक रोपाला "सॉरी गं बाई" म्हणत होती.

"मावशी, मी ऐकलं होतं तुमचं," सूनबाई म्हणाली. तिला कुणाजवळ तरी जायचंच होतं. "आबांच्या डोळ्यांचं बोलत होतात तुम्ही दोघं. मागे, मी कुंड्या निवडत होते तेव्हा."

"आबांच्या डोळ्यांचं?" मावशीने चष्मा कपाळावर चढवला. "आबांच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? मी वेलीच्या डोळ्यांचं बोलत होते."

"वेलीच्या?"

"मग माणसाचे डोळे गेले तर आपण असं कुजबुजू का? डॉक्टर पडलेत की इथे ढीगभर." मावशीने हातातलं रोप खाली ठेवलं. आता तिच्याने राहवलं नाही, आणि राहवू नये असंच बहुतेक तिच्या मनात होतं. "हे बघ पोरी. मला बोलायचं नाही असं सांगितलंय. पण तू आपण होऊन आलीस, म्हणून. काप बघितलास का कधी तिचा? खालून बघ. उजव्या हाताने कापलं की उतार एकीकडे पडतो, डाव्या हाताने दुसरीकडे. वरपासून खालपर्यंत सगळे काप डावरे आहेत. या बागेत डावरं कोण आहे?"

"म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्या दिवसापासून. शिडीवाल्याला आधी कळलं, तो वर असतो ना."

"आणि आबांना?"

"आबांनी तर अंगठा फिरवून ओळखलं. वरच उभे होते बघ तेव्हा. खाली आले, आम्हाला बोलावलं आणि म्हणाले, कुणी तिला काही म्हणायचं नाही. तिची ती बोलेल. तिला बोलायला जागा द्या."

रोज सकाळी. बघ गं सूनबाई, डोळे फुगलेत का. तिला वाटलं होतं म्हातारा आंधळेपणाने विचारतोय. तो दार उघडून धरत होता, अख्खा हिवाळा, थंडीत, आणि ती रोज बाहेरून ते लोटून घेत होती. आपण सगळ्यांपासून लपलोय असं समजून ती इतके महिने अंगणाच्या मध्यावर उभी होती आणि सगळे बिचारे नजर दुसरीकडे वळवून तिच्या बाजूने जात-येत होते. तिला कुंड्यांच्या उतरंडीआड जाऊन बसावंसं वाटलं.

"रडू नकोस," मावशी म्हणाली. "माझ्या ट्रेमध्ये खारं पाणी नको." मग जरा थांबून म्हणाली, "मला एकच कळत नाही. त्या साहेबांच्या डोक्यात आबांचं नाव कुणी घातलं? शिडीवाला ऑफिसात ऐकून आलाय, आबांना घरी बसवणार म्हणून. नुसतं शिडीवर दिसले म्हणून? अडकलेली काडी काढायला चढले होते हो ते!"

सूनबाईने तोंड उघडलं. मावशी तिच्याकडे मोकळ्या चेहऱ्याने बघत होती. तिला खरंच माहीत नव्हतं. वेल कापलेली सगळ्यांना माहीत होती आणि सगळ्यांनी पोटात घातली होती. साहेबांपुढचा तो हं कुणालाच माहीत नव्हता.

"काय माहीत," सूनबाई म्हणाली, आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं होतं की नर्सबायांनी खिडक्या आपण होऊन उघडल्या. वरून एका पेशंटबाईने हाक मारली, "माळीदादा, यंदा फुलं नाहीत का हो?" आबा भिंतीपाशी उभे होते. त्यांनी कपाळावर हात धरून वर बघितलं आणि म्हणाले, "यंदा माहेरी यायला सवड नाही झाली तिला. पुढच्या वर्षी नक्की." बाई हसली. शिडीवालाही हसला, मग सूनबाईकडे नजर जाताच शिडी पुसायला लागला.

साहेब आले ते तेवढ्यात. मावशी ट्रे घेऊन चालली होती ती ट्रेसकट थांबली.

"आबा," साहेब म्हणाले, "बाईंनी सांगितलं असेलच तुम्हाला."

"काय ते?"

साहेबांनी सूनबाईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. साहेबांनी घसा साफ केला, रुमालाने मान पुसली, ऊन खरंच फार आहे असं म्हटलं, आणि मग जे ऑफिसात सांगितलं होतं तेच जरा मऊ करून सांगितलं. वय, नजर, आराम, हक्काची विश्रांती. "कात्री बाईंकडे देऊन टाका आजच."

आबांनी वाद घातला नाही. ते एकदा भिंतीकडे वळले, हाताला येईल तेवढ्या खोडावर हात ठेवला, काढला. पट्ट्याला अडकवलेल्या चामड्याच्या खोळीतून कात्री काढली. पाती सवयीने बाहीला पुसली, मिटवली, अडकण लावली. मावशीने मान वळवली. शिडीवाला काहीतरी बोलणार होता, तर आबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो थांबला.

"घे, सूनबाई," आबा म्हणाले.

कात्री त्यांनी पुढे केली ती मूठ तिच्याकडे करून, तिच्या डाव्या हाताशी. इतक्या वर्षांची सवय. खुरपं द्यायचं असो की भाकरीचा डबा, तिला काही द्यायचं म्हणजे डाव्या हाताशी. त्यात कसला टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला सोपं गेलं असतं.

तिने हात मागे घेतला.

"साहेब, वेल आबांनी नाही कापली. मी कापली."

कुणी दचकलं नाही. मावशीने नुसता श्वास सोडला, ट्रे खाली ठेवला. आबांनी मान हलवली, बरं झालं अशी, फाटकाशी ती भेटली की हलवत तशी. इथे थांबता आलं असतं. एवढं सगळ्यांना माहीत होतं आणि माफही झालं होतं. साहेबसुद्धा "असं का, असं का" म्हणत मागे सरले होते. आबांची कात्री अजून तिच्यापुढे तशीच धरलेली होती.

तिने साहेबांकडे बघितलं नाही. आबांकडे बघितलं.

"आणि साहेबांनी मला विचारलं होतं, आबांनीच ना, म्हणून," ती म्हणाली. "तेव्हा मी हं म्हटलं, आबा."